तुळईवर टेकलेला मजला : लेनिनाकान, १९८८

७ डिसेंबर १९८८ हा दिवस विसाव्या शतकाच्या राजकीय इतिहासात एका भाषणामुळे लक्षात राहिला आहे. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेसमोर मिखाईल गोर्बाचेव्ह यांनी सोव्हिएत सैन्यात पाच लाखांची एकतर्फी कपात जाहीर केली. शीतयुद्धाच्या शेवटाची सुरुवात म्हणून ते भाषण आजही अभ्यासक्रमात असते. मात्र न्यूयॉर्कमध्ये त्या दिवसाची पहाटही उजाडली नव्हती तेव्हा, सोव्हिएत आर्मेनियात सकाळचे ११ वाजून ४१ मिनिटे झाली असताना, उत्तरेकडील डोंगराळ भागात जमीन हादरली. गोर्बाचेव्ह यांना दौरा अर्धवट टाकून परतावे लागले.

भूकंपाचे परिमाण ६.८ होते. भूकंपशास्त्राच्या मोजपट्टीवर हा महाभूकंप नव्हे. तरीही अधिकृत आकड्यानुसार सुमारे २५,००० माणसे मेली आणि पाच लाखांच्या आसपास बेघर झाली. मृतांचा खरा आकडा याहून बराच मोठा होता, असे मानणारेही पुष्कळ आहेत. स्पिताक हे गाव जवळजवळ पुसले गेले. आर्मेनियाचे दुसऱ्या क्रमांकाचे शहर लेनिनाकान, म्हणजे आजचे ग्युम्री, निम्मे कोसळले. पहिल्या धक्क्यानंतर चार मिनिटांनी ५.८ परिमाणाचा दुसरा धक्का आला आणि खिळखिळ्या झालेल्या अनेक इमारती त्यात बसल्या. मुले शाळेत होती, कामगार कारखान्यांत होते.

या थ्रेडचा विषय त्या शहरातील एका विशिष्ट प्रकारच्या इमारती हा आहे, आणि त्यातही एक अगदी लहानशी जागा: मजल्याची फळी जिथे तुळईवर टेकते ती जागा.

सुरुवात एका हिशेबापासून करावी लागते. भूकंपानंतर सोव्हिएत आणि परदेशी अभियंत्यांनी लेनिनाकानमधील इमारतींची मोजदाद केली. कारखान्यात तयार केलेले खांब, तुळया आणि मजल्यांच्या फळ्या जोडून उभारलेल्या नऊ मजली सांगाड्याच्या इमारती शहरात १३३ होत्या. त्यांपैकी ७२ कोसळल्या. ५५ इतक्या मोडल्या की पाडण्यावाचून गत्यंतर नव्हते. दुरुस्त करता येतील अशा उरल्या फक्त ६. त्याच शहरात, त्याच व्यवस्थेने बांधलेल्या, कारखान्यातच तयार झालेल्या मोठ्या भिंत-पॅनेलच्या १६ इमारती होत्या. त्यांतील एकही कोसळली नाही.

दोन्ही प्रकार ‘प्रीकास्ट’ म्हणजे पूर्वनिर्मित काँक्रीटचेच होते. मग हा फरक कशाने पडला?

उत्तरासाठी ३४ वर्षे मागे जावे लागते, आणि योगायोग असा की तारीखही तीच निघते. ७ डिसेंबर १९५४ रोजी मॉस्कोत बांधकाम क्षेत्रातील कर्मचारी आणि वास्तुविशारदांच्या अखिल सोव्हिएत परिषदेत निकिता ख्रुश्चेव्ह यांचे एक लांबलचक भाषण झाले. स्टालिनच्या काळातील मनोरे, कोरीव खांब, दर्शनी नक्षी यांवर त्यांनी सडकून टीका केली. घरांची टंचाई भयंकर होती. युद्धाने शहरे उद्ध्वस्त केली होती, एकेका फ्लॅटमध्ये तीन-तीन कुटुंबे राहत होती आणि देशाचे वास्तुविशारद इमारतीच्या माथ्यावर कळस चढवण्यात मग्न होते. त्यावर ख्रुश्चेव्ह यांचा उपाय सरळ होता: इमारतीचे भाग कारखान्यात तयार करायचे, जागेवर फक्त क्रेनने जोडायचे. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९५५ मध्ये, आराखड्यातील आणि बांधकामातील ‘अतिरेक’ दूर करण्याचा प्रसिद्ध हुकूम निघाला आणि सोव्हिएत संघाच्या काना-कोपऱ्यात काँक्रीटचे कारखाने उभे राहिले.

या धोरणाची थट्टा करणे आज सोपे आहे. एकसारख्या करड्या इमारतींचे फोटो समाजमाध्यमांवर विनोदासाठी फिरतात. परंतु कोट्यवधी माणसांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचे स्वयंपाकघर आणि स्वतःच्या घराचे कुलूप याच इमारतींमुळे मिळाले, ही बाब त्या विनोदात येत नाही. कारखान्यातील उत्पादनाचे फायदेही खरे होते. कडाक्याच्या थंडीत उघड्यावर ओतलेले काँक्रीट नीट पक्के होत नाही. कारखान्यात वाफेच्या उष्णतेने ते हवे तसे पक्के करता येते. सेंट्रिंगची लाकडे लागत नाहीत, कुशल गवंडी कमी लागतात.

प्रश्न तयार भागांचा नव्हता. दोन भाग जिथे भेटतात तिथला होता.

जागेवर ओतलेल्या काँक्रीटच्या इमारतीत खांब, तुळई आणि स्लॅब यांच्या सळया एकमेकींत गुंतवलेल्या असतात आणि काँक्रीट सलग ओतले जाते. सांधा असा वेगळा उरतच नाही; सारी इमारत एकजीव असते. प्रीकास्ट इमारतीत मात्र प्रत्येक भाग सुटा जन्माला येतो. त्याला शेजारच्या भागाशी बांधण्याचे काम उभारणीच्या वेळी करावे लागते: सळयांची टोके वेल्डिंगने जोडायची, फटीत काँक्रीट भरायचे, वरून आणखी एक थर द्यायचा. कारखान्यातील सारी शिस्त इथे संपते. हे काम उंचावर, वाऱ्यात, घाईत, महिन्याचे उद्दिष्ट डोक्यावर घेऊन केले जाते.

लेनिनाकानच्या त्या नऊ मजली इमारतींत मजला होता पोकळ गाभ्याच्या फळ्यांचा. २२ सेंटीमीटर जाडीची, आतून लांबच लांब गोल नळ्यांसारख्या पोकळ्या असलेली ही फळी सोव्हिएत बांधकामाची जणू वीट होती. पोकळीमुळे वजन घटते, काँक्रीट वाचते. अशा फळ्या एका तुळईपासून दुसऱ्या तुळईपर्यंत शेजारी शेजारी मांडल्या जात आणि मधल्या फटी मसाल्याने भरल्या जात. अभियंत्यांच्या पाहणीत दोन गोष्टी ठळकपणे नोंदल्या गेल्या. या फळ्यांवर सळयांची जाळी असलेला सलग काँक्रीटचा थर नव्हता. आणि फळ्यांची एकमेकींशी, तसेच भिंतींशी व तुळयांशी असलेली बांधणी नाममात्र होती किंवा मुळीच नव्हती.

एरवी यात काहीच बिघडत नाही. फळी जड असते, तिचे वजन तिला तुळईवर दाबून धरते, वरची माणसे आणि कपाटे तिला आणखी दाबतात. गुरुत्वाकर्षण हाच तिचा खिळा. अशी इमारत पन्नास वर्षेही सुखाने उभी राहू शकते. भूकंप मात्र आडवा येतो.

जमीन बाजूला सरकते तेव्हा इमारतीचे सगळ्यांत जास्त वजन जिथे आहे, म्हणजे मजल्यांच्या पातळीवर, तिथे सगळ्यांत मोठा आडवा जोर निर्माण होतो. हा जोर पेलण्याची ताकद काही ठरावीक भिंतींत आणि चौकटींत असते. तो तिथवर पोचवायचे काम मजल्याचे. त्यासाठी मजला एका अखंड ताटासारखा वागला पाहिजे. अभियांत्रिकीच्या भाषेत याला ‘डायफ्रॅम’ म्हणतात. मजला म्हणजे फक्त पायाखालची जमीन नव्हे, तो इमारतीचा आडवा पट्टा आहे. पिंपाच्या फळ्यांना लोखंडी कडे जसे आवळून धरते, तसा तो खांबांना आणि भिंतींना धरून ठेवतो.

फळ्या सुट्या असतील तर हे कडे अस्तित्वातच नसते. प्रत्येक फळी आपापली सरकते. भिंती आणि चौकटी एकमेकींचा आधार गमावतात, स्वतंत्रपणे डोलू लागतात, मधले अंतर क्षणभर वाढते आणि फळीचे टोक तुळईवरून निसटते. वरून पडणारी फळी खालच्या मजल्यावर आदळते. त्यापुढचे काम गुरुत्वाकर्षणच करते. कोकणातल्या जुन्या घरांत माळ्याच्या फळ्यांना खिळे मारून त्या तुळयांना पक्क्या केलेल्या असतात. तिथल्या सुताराला डायफ्रॅम हा शब्द ठाऊक नव्हता, पण सुटी फळी निसटते एवढे त्याला माहीत होते.

लेनिनाकानच्या खांबांचीही गत फारशी बरी नव्हती. सांध्यांजवळ खांबाच्या उभ्या सळयांना आवळणाऱ्या रिंगा विरळ होत्या आणि त्यांची टोके आत वळवून काँक्रीटच्या गाभ्यात रुतवण्याऐवजी नुसती काटकोनात वाकवलेली होती. हादऱ्यात बाहेरचे काँक्रीट ढलपले की अशी रिंग उघडते. म्हणजे सारा दोष फळ्यांच्या माथी मारता येणार नाही. पण खांब डळमळत असताना मजल्याने इमारत धरून ठेवायची, तर तो मजलाच सुटा होता.

याचा एक परिणाम बचावकार्यात फार क्रूरपणे दिसला. काही प्रकारच्या इमारती पडताना ढिगाऱ्यात पोकळ्या राहतात आणि त्यांत माणसे दिवसेंदिवस तग धरतात. या इमारती घट्ट, बसक्या ढिगांत कोसळल्या. जगभरातून बचावपथके आली. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघाने इतक्या मोठ्या प्रमाणावर परदेशी मदत स्वीकारण्याची ही पहिलीच वेळ होती. पंतप्रधान निकोलाय रिझकोव्ह स्वतः मदतकार्याच्या आयोगाचे प्रमुख होते. फळ्या उचलायला अवजड क्रेन हव्या होत्या आणि पहिल्या दिवसांत नेमक्या त्याच अपुऱ्या पडल्या.

आता दोष कोणाचा, हा प्रश्न. येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने जरा थांबले पाहिजे, कारण पहिले उत्तर फार लवकर मिळाले. सोव्हिएत वृत्तपत्रांनी लिहिले की काँक्रीटमध्ये सिमेंट कमी आणि वाळू जास्त होती. सिमेंट चोरले गेले होते. चौकश्या सुरू झाल्या. ग्लासनोस्तचे दिवस होते, ब्रेझनेव्हच्या ‘साचलेपणाच्या काळा’वर खापर फोडणे राजकीयदृष्ट्या सोयीचेही होते. भ्रष्ट ठेकेदार आणि मेलेली माणसे ही गोष्ट सगळ्यांना चटकन पटते. आपल्याकडेही प्रत्येक इमारत कोसळल्यावर पहिली बातमी वाळूचीच असते.

ती गोष्ट खोटी होती असे नाही. बांधकामाचा दर्जा अनेक ठिकाणी खरोखरच वाईट होता. पण ती अपुरी होती, आणि तिचे अपुरेपण त्या १६ पॅनेल-इमारतींनी दाखवून दिले. त्याही त्याच अर्थव्यवस्थेत बांधल्या गेल्या होत्या, मासिक उद्दिष्टांचे तेच दडपण त्यांच्यावरही होते. चोरी फक्त सांगाड्याच्या इमारतींतच झाली आणि पॅनेलच्या इमारतींत झाली नाही, असे मानायला काही आधार नाही. पॅनेल-पद्धतीत मजल्याचा तुकडा खोलीएवढा मोठा असतो, तो चारी बाजूंनी भिंतींवर बसतो आणि कडांना सळया जोडून सांध्यात काँक्रीट भरले जाते. सांधे पुष्कळ, टेकूची लांबी पुष्कळ, आणि एक सांधा निकामी झाला तरी भार वाहून न्यायला दुसरा असतो. १९७७ च्या बुखारेस्टच्या भूकंपातही मोठ्या पॅनेलच्या इमारती तगल्या होत्या.

परंतु हा युक्तिवादही निर्णायक म्हणून मिरवता येत नाही, कारण तिसरा साक्षीदार जमिनीखाली आहे. लेनिनाकान हे शेकडो मीटर जाडीच्या जुन्या तलावाच्या गाळावर वसलेले शहर. असा गाळ भूकंपाच्या लाटांतील संथ, लांब हेलकावे वाढवतो. नऊ मजली सांगाडा लवचीक असल्याने त्याचा स्वतःचा हेलकावाही संथच; जमीन आणि इमारत एका तालात डोलू लागल्या. पॅनेलची इमारत ताठ, तिचा ताल वेगळा, त्यामुळे ती या मेळातून काहीशी वाचली. किरोवाकान म्हणजे आजचे वानाझोर हे शहर भूकंपकेंद्राला लेनिनाकानपेक्षा जवळ होते. पण तिथे खडक वर आहे आणि गाळ थोडा. तिथल्या नऊ मजली सांगाड्याच्या इमारतींना तडे गेले, त्या कोसळल्या मात्र नाहीत.

त्यात भर म्हणजे सरकारी भूकंपप्रवणता नकाशाने या प्रदेशासाठी धरलेली तीव्रता प्रत्यक्षापेक्षा कमी होती. १९२६ साली याच लेनिनाकानला मोठा भूकंप झालेला होता, हे लक्षात घेता नकाशा करणाऱ्यांची ही नजरचूक सहज क्षम्य म्हणता येत नाही.

नकाशा चुकला, गाळाने हेलकावा वाढवला, रिंगा विरळ होत्या, मजला सुटा होता, सिमेंट कमी होते. यांपैकी शेवटच्या कारणासाठी माणसाला तुरुंगात टाकता येते. पहिल्या चारांसाठी कार्यालयातील मंजूर आराखडे जबाबदार असतात. वृत्तपत्रांचा भर शेवटच्यावर का राहिला, याचे उत्तर बहुधा यातच आहे.

शहर दोन वर्षांत पुन्हा उभारण्याचे आश्वासन मॉस्कोने दिले होते. तीन वर्षांनी मॉस्कोचीच सत्ता संपली. ग्युम्रीमध्ये तात्पुरत्या पत्र्याच्या खोल्या, ज्यांना तिथे ‘दोमिक’ म्हणतात, पुढची कित्येक दशके माणसांची कायमची घरे होऊन राहिल्या.

येथवरची कथा ऐकून कोणी म्हणेल की हा साम्यवादी व्यवस्थेचा दोष. तसे म्हणणारे १९८९ मध्येही होते. त्यांची ही समजूत पाच वर्षे टिकली.

१७ जानेवारी १९९४ च्या पहाटे ४ वाजून ३१ मिनिटांनी लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिज येथे ६.७ परिमाणाचा भूकंप झाला. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मृतीची सुट्टी होती. तिथल्या कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाचे वाहनतळ, अवघ्या काही वर्षांपूर्वी बांधलेले, प्रीकास्ट काँक्रीटचे आणि बहुमजली, मधोमध कोसळले. बाहेरच्या बाजूचे खांब आतल्या बाजूला ओढले जाऊन धनुष्यासारखे वाकले. ते छायाचित्र आज भूकंप-अभियांत्रिकीच्या जवळपास प्रत्येक पाठ्यपुस्तकात सापडते. कॅलिफोर्नियात सिमेंट चोरीला गेले नव्हते आणि नियम जगातील सर्वांत कडक नियमांपैकी होते.

प्रीकास्ट वाहनतळांच्या पडझडीचा अभ्यास झाला तेव्हा सापडलेले एक कारण ओळखीचे होते. अशा इमारतींत प्रीकास्ट मजल्यावर जागेवर ओतलेला थर असे. लेनिनाकानमध्ये नव्हता तो. पण तो पातळ असे, आणि फळ्या जिथे एकमेकींना भिडतात नेमक्या त्याच रेषांवर त्याला तडे जात. आतल्या जाळीच्या तारा फार ताणल्या न जाता तुटत. वाहनतळाला भिंती थोड्या आणि दूर दूर. मजल्याला आडवा जोर लांबवर वाहून न्यावा लागतो. शिवाय आतले काही खांब ‘फक्त वजन पेलणारे’ म्हणून आखलेले असत. इमारत डोलताना त्यांनाही डोलावे लागेल, हा विचार हिशेबात पुरेसा उतरलेला नव्हता.

अमेरिकेत यातून संशोधनाची एक मोठी फळी उभी राहिली. न्यूझीलंडचे नायजेल प्रीस्टली यांनी सॅन दिएगो येथे १९९९ मध्ये पाच मजली प्रीकास्ट इमारतीचा, मूळ मापाच्या सहा-दशांश आकाराचा, नमुना प्रयोगशाळेत हलवून पाहिला. त्यामागची कल्पना सुंदर होती. प्रीकास्टने एकजीव काँक्रीटची नक्कल करावीच कशाला? सांधा उघडू द्यावा, मिटू द्यावा. आतून ताणलेल्या पोलादी दोरांनी त्याला दर वेळी जागेवर ओढून आणावे. ज्या सांध्याला आजवर दुबळेपणा मानले गेले, त्यालाच सुरक्षित हालचालीची जागा बनवायचे. या विचारावर आधारित चौकटींची ३९ मजली इमारत नव्या शतकाच्या आरंभी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये उभीही राहिली.

मधल्या काळात साधा, अडाणी सांधा माणसे मारतच होता. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात कच्छमधील एक मजली प्रीकास्ट शाळांची छपरे कोसळली. छताच्या फळ्यांची एकमेकींशी आणि आधारांशी बांधणी अपुरी होती. प्रजासत्ताक दिन होता, अनेक ठिकाणी मुले झेंडावंदनासाठी उघड्यावर होती. मे २०१२ मध्ये इटलीच्या एमिलिया भागात कारखान्यांची छपरे पडली. तिथल्या प्रीकास्ट तुळया खांबांच्या माथ्यावर केवळ घर्षणाच्या भरवशावर ठेवलेल्या होत्या, कारण तो प्रदेश २००३ पर्यंत भूकंपप्रवण म्हणून गणलाच जात नव्हता. २० मेच्या धक्क्यानंतर काही कारखाने पुन्हा सुरू झाले आणि २९ मेच्या धक्क्यात कामावर आलेले कामगार त्यांत सापडले.

या इतिहासातील सर्वांत विचित्र प्रकरण मात्र न्यूझीलंडचे आहे, कारण तिथे धोका आधी प्रयोगशाळेत सापडला. ऐंशीच्या दशकातील बांधकाम-तेजीपासून त्या देशात बहुमजली इमारतींचे मजले सर्रास प्रीकास्ट झाले होते. या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत कँटरबरी विद्यापीठात पोकळ फळ्यांच्या मजल्याचा जवळजवळ पूर्ण आकाराचा नमुना बांधून तो भूकंपासारखा मागे-पुढे ढकलण्यात आला. चौकट नियमांप्रमाणे होती आणि ती नियमांप्रमाणेच वागली. मजला मात्र पडला.

कारण असे. आधुनिक नियमांनुसार भूकंपात तुळईची टोके मुद्दाम ‘वाकू’ दिली जातात. सळया ताणल्या जातात, तडे उघडतात आणि त्यात भूकंपाची ऊर्जा जिरते. परंतु ताणलेली सळई पूर्ववत होत नाही आणि उघडलेला तडा पूर्ण मिटत नाही. प्रत्येक हेलकाव्यागणिक तुळई थोडी थोडी लांब होत जाते. अनेक दालने ओळीने असतील तर ही वाढ काही सेंटीमीटरांची होते, आणि लांब झालेली तुळई खांबांना एकमेकांपासून दूर ढकलते. तिला काटकोनात असलेल्या तुळईवर ज्या फळीचे टोक जेमतेम काही सेंटीमीटर टेकलेले आहे, त्या फळीच्या खालून आधारच सरकत जातो. म्हणजे इमारत वाचवण्यासाठी केलेली योजनाच मजल्याच्या मुळावर येत होती.

त्यानंतर नव्या इमारतींसाठी टेकू रुंद करण्याचे आणि सांध्याला वाकण्याची मुभा देण्याचे नियम आले. जुन्यांचे काय, हा प्रश्न रेंगाळला. २२ फेब्रुवारी २०११ च्या क्राइस्टचर्च भूकंपात १८५ माणसे मेली, त्यांपैकी ११५ एकट्या सीटीव्ही इमारतीत. तिचे मजले पोकळ फळ्यांचे नव्हते, पण मजला आणि लिफ्टभोवतीची ताठ भिंत यांची गाठ इथेही कच्ची निघाली. ती कच्ची असल्याचे १९९० मध्येच लक्षात आले होते आणि १९९१ मध्ये वरच्या तीन मजल्यांवर पोलादी पट्ट्या बसवून झाल्या होत्या. शाही चौकशी आयोगाच्या अहवालातील ही नोंद वाचताना १३३ इमारतींचा तो हिशेब पुन्हा डोळ्यांसमोर येतो: चूक कुठे आहे हे माणसाला कळलेले असते, आणि दुरुस्ती अर्ध्यावर थांबलेली असते.

मग आला १४ नोव्हेंबर २०१६. काइकोरा येथे मध्यरात्री १२ वाजून २ मिनिटांनी ७.८ परिमाणाचा भूकंप झाला. दूर वेलिंग्टनमध्ये बंदराजवळ ‘स्टॅटिस्टिक्स हाउस’ ही सरकारी सांख्यिकी विभागाची इमारत होती. बांधकाम २००५ चे, म्हणजे अगदी नवे. तिच्या प्रीकास्ट मजल्यांचे काही भाग टेकूवरून सुटून खाली कोसळले. चौकशीत निघालेले कारण प्रयोगशाळेने आधीच सांगितलेले होते: तुळया लांब झाल्या, आधार सरकला. कामाच्या वेळी त्या मजल्यांवर माणसे बसत असत. मध्यरात्र असल्याने त्या रात्री तिथे कोणी नव्हते.

या बारा तासांच्या योगायोगाने जे घडवले ते १९८८ च्या प्रेतांच्या राशींनी घडवले नव्हते. २०१८ मध्ये न्यूझीलंडमध्ये जुन्या इमारतींच्या काँक्रीट-तपासणीचे सुधारित निकष आले आणि प्रीकास्ट मजल्यांच्या टेकूकडे प्रथमच इतक्या कठोरपणे पाहिले गेले. मार्च २०१९ मध्ये वेलिंग्टनचे मध्यवर्ती ग्रंथालय अचानक बंद करण्यात आले. वास्तुविशारद इयन ॲथफील्ड यांची १९९१ ची ही देखणी, गजबजलेली इमारत २०१६ च्या भूकंपातून उभी राहिली होती आणि त्यानंतर वापरातही होती. ती बंद झाली हिशेबामुळे: पोकळ फळ्यांचे टेकू पुढच्या मोठ्या धक्क्यात पुरेसे ठरणार नाहीत, असे नव्या निकषांनुसार केलेल्या तपासणीत निघाले.

शहरात वाद झाला. पडलेच नाही तर बंद कशाला, असे विचारणारे वाचक होते. खर्चाचे आकडे मांडून इमारत पाडूनच टाकावी असे म्हणणारेही होते. शेवटी ती मजबूत करण्याचा निर्णय झाला. पोकळ फळ्यांच्या जुन्या मजल्यांसाठी आज केला जाणारा एक नेहमीचा उपाय दिसायला अगदी साधा आहे. फळीच्या टोकाखाली, तुळईच्या बाजूला, एक पोलादी कोन बोल्टने पक्का बसवतात. तुळई लांब झाली आणि फळी मूळ टेकूवरून निसटली, तर तिने या नव्या टेकूवर येऊन थांबावे, एवढेच त्या कोनाचे काम असते.